घरचा साबण

मेंढ्यांची कातरणी सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच पोरीच्या डोळ्यातली लेन्स पुन्हा ढगाळली.

सुनेच्या ते दुपारी लक्षात आलं. तिने पोरीला पाजायला घेतलं होतं. पोरीच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. उघड्या डाव्या डोळ्यात, बाहुलीच्या बरोबर वर, काचेवर तोंडची वाफ सोडावी तसा धुरकट थर दिसत होता. सुनेने तिला दाराच्या उजेडाकडे फिरवलं. थर तिथेच होता.

"आई, जरा बघता का?"

सासू लोकरीच्या ढिगामागून गुडघ्यावर हात देत उठली. तिने आपलं तोंड पोरीच्या तोंडाला जवळजवळ टेकवलं आणि बराच वेळ बघितलं.

"मला तर चांगली दिसते," ती म्हणाली. "पण तू म्हणतेस तर असेल. हात धुतले होतेस?"

"धुतले होते."

"साबणाने?"

"साबणानेच. दोनदा."

"मग आता तीनदा धूत जा. तान्ह्या पोराचा डोळा आहे, काही कातरायची कात्री नाही."

पोर जन्मली तीच डाव्या डोळ्यात मोतीबिंदू घेऊन. ती दीड महिन्याची असताना शहरातल्या डॉक्टरांनी तो काढला. त्याबरोबर डोळ्याचं स्वतःचं भिंगही गेलं, म्हणून त्या जागी वरून ही लेन्स. सकाळी घालायची, संध्याकाळी काढायची. अर्धा दिवस चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची, म्हणजे डाव्याला काम करावंच लागतं. डॉक्टरांनी समजावलं होतं की आता सगळं मेंदूवर आहे. डाव्या डोळ्यातून स्वच्छ चित्र गेलं तर मेंदू बघायला शिकेल. धुरकटच जात राहिलं तर तो त्या डोळ्याचा नाद सोडून देईल, आणि एकदा सोडला की मोठेपणी कितीही उपाय केले तरी परत धरणार नाही.

लेन्स म्हणजे माशाच्या खवल्याएवढी वस्तू. सासू तिला खवलाच म्हणायची. ती घालायची तर पोरीला चादरीत गुंडाळून नवऱ्याने धरायची आणि सुनेने एका हाताने पापण्या फाकवून दुसऱ्या हाताच्या बोटाने आत सरकवायची. पहिल्या दिवशी नवऱ्याने पोरीला सवयीने दोन गुडघ्यांत धरलं होतं.

"अरे, पोर आहे ती! मेंढी नाही!" सासू ओरडली होती.

"मेंढी बरी," नवरा म्हणाला होता. "मेंढी गप्प तरी बसते."

काढायचं काम त्यामानाने सोपं होतं. संध्याकाळी पोर पिता पिता झोपली की सून हलकेच पापणी उचलायची आणि लेन्स काढून घ्यायची. पोरीला पत्ताही लागत नसे.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको पोरीला घेऊन शहरात गेले. त्यासाठी नवऱ्याला कातरणीतला एक दिवस मोडावा लागला आणि मुकादमाची बोलणी खावी लागली. इस्पितळातल्या बाकावर शेजारी बसलेल्या बाईने दोनदा नाक मुरडलं आणि ती उठून पलीकडच्या भिंतीशी उभी राहिली. सुनेने अंगावरची शाल आवळून घेतली. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आली होती ती. पण मेंढ्यांचा वास असा धुतल्याने जातो थोडाच.

लेन्स बसवणाऱ्या बाईंनी दिव्याखाली पोरीचा डोळा पाहिला.

"ही दुसरी," त्या म्हणाल्या. "ताई, हात धुता ना?"

"धुते हो."

"रागावून विचारत नाहीये मी. काही मुलांच्या डोळ्यातूनच चिकट पाझरतं. मग लेन्स टिकत नाही. डॉक्टरांना तसंच वाटतंय." त्यांनी नवी लेन्स काढली. "ही तिसरी देते. पुढच्या महिन्यात या. तेव्हाही असंच असेल तर आपण थांबू. पोरीला उगाच छळायचं किती?"

"थांबू म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणजे उजव्या डोळ्यावर भागवायचं. पुष्कळ लोक भागवतात."

परतीच्या वाटेवर घर दिसायला लागल्यावर नवरा म्हणाला, "तू हात धुतेस ते मी बघतो की."

त्यानंतर सुनेने हात धुण्याची कमाल केली. लोकर निवडून उठली की धुवायची, चूल पेटवून झाली की धुवायची, लेन्सला हात लावायच्या आधी कोपरापर्यंत घासायची. सासू तांब्या घेऊन वर उभी असायची. "नखांत घास. बोटांच्या बेचक्यात घास." वडी संपली की सासू फळीवरून दुसरी काढून द्यायची. साबण घरचा होता, सासूच्या हातचा. कातरलेल्या लोकरीतले मळकट तुकडे उकळायचे, वर येणारं मेण काढून घ्यायचं, ते घालून वड्या पाडायच्या. सासूच्या आईची रीत होती ती. कात्री चालवून चालवून इतरांच्या बोटांना चिरा पडतात, या घरातल्यांचे हात मात्र लोण्यासारखे मऊ. चार गावांतून माणसं वडी मागायला यायची. तेच मेण सासू पोरीच्या गालाला, कपाळाला रोज चोळायची.

नवी लेन्स तीन दिवस लख्ख राहिली. चौथ्या दिवशी कडेने धूर धरायला लागली.

त्या दिवशी अंगणात मेंढ्या धुवायचं चाललं होतं. कातरण्याआधी लोकरीतली माती निघावी म्हणून नवरा एकेक मेंढी दगडी टाकीत उतरवत होता आणि वरून बादल्या ओतत होता. सून दारात पाटावर बसली होती. तिने झोपलेल्या पोरीच्या डोळ्यातून काढलेली लेन्स तळहातावर घेतली आणि इस्पितळातून दिलेल्या बाटलीतलं पाणी तिच्यावर सोडलं. पाणी लेन्सवर पसरलं नाही. त्याचे बारीक बारीक मणी झाले आणि कडेने घरंगळून गेले. तिने पुन्हा सोडलं. पुन्हा मणी.

अंगणात एक मेंढी टाकीतून बाहेर आली. तिच्या पाठीवरून पाणी तसंच मणी होऊन ओघळत होतं, आत मुरत नव्हतं.

सून एकदा मेंढीकडे बघत राहिली, एकदा हाताकडे.

"अहो," तिने हाक मारली. "मेंढीच्या पाठीवर पाणी का ठरत नाही?"

"लोकरीला मेण असतं म्हणून," नवरा बादली भरत म्हणाला. "आज काय शाळा काढलीस?"

ती उठली. लेन्स डबीत ठेवली. काचेचे दोन पेले घेतले. एकाला घरचा साबण चोळून तो धुतला. दुसऱ्याला दुकानातली, कपड्यांसाठी आणलेली वडी चोळून तो धुतला. दोन्हींवर पाणी ओतलं. दुसऱ्या पेल्यावरून पाणी सरळ पडद्यासारखं उतरलं. पहिल्यावर मणी उभे राहिले.

म्हणजे जितकं धुतलं, तितकं माखलं.

आता हे सासूला सांगायचं कसं, हा प्रश्न होता. सासू दुसरं काही बोललेलं सहन करायची, साबणाला नावं ठेवलेली नाही. एकदा मुकादमाने वडीला वास येतो म्हटलं, तर दोन कातरण्या तिने त्याला चहा दिला नव्हता. सुनेने दोन्ही पेले पाटावर ठेवले आणि सासूला बोलावलं.

"काय आहे यांत?"

"काही नाही. हा तुमच्या साबणाने धुतला, हा दुकानच्या. पाणी बघा कसं राहतंय."

सासूने वाकून बघितलं. "म्हणजे माझा साबण वाईट?"

"हाताला चांगलाच आहे, आई. काचेला नाही."

"माझ्या आईने शिकवलेला आहे तो. तुझ्या बाळंतपणात तुझ्या अंगाला कोणता लावला होता मी? तेव्हा नाही बोललीस!"

सुनेने सासूचं बोट धरलं आणि पहिल्या पेल्यावरून फिरवलं. मग दुसऱ्यावरून. दुसऱ्यावर बोट अडखळत, करकरत गेलं. सासूने हात सोडवून घेतला, आणि आपणहून बोट परत पहिल्या पेल्यावर ठेवलं. ते सुळकन सरकलं. आयुष्यभर लोकर हाताळलेलं बोट होतं ते, मेण ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

ती मटकन खाली बसली.

"म्हणजे मी वरून तांब्या धरून धू, धू म्हणत होते," ती हळूच म्हणाली, "आणि आपण पोरीच्या डोळ्याला मेण फासत होतो."

"आपल्याला कुठे ठाऊक होतं?"

"तोंडालाही मीच चोळते रोज." ती उठली. फळीवरच्या सगळ्या वड्या तिने ओंजळीत घेतल्या आणि तशीच कातरणीच्या शेडकडे निघाली. कातरणारे चौघे मेंढ्यांवर वाकलेले होते. "घ्या रे, घेऊन टाका सगळ्या!"

"आजी, आज काय विशेष?" एकाने विचारलं. "एरवी तर एक वडी मागितली तर दहा प्रश्न विचारता."

"विशेष काही नाही. तुमच्या डोळ्यात काही घालायचं नाहीये, म्हणून."

नवऱ्याने इस्पितळात फोन लावून सुनेच्या हातात दिला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग पलीकडून मोठ्याने हसण्याचा आवाज आला.

"अहो ताई, साबणाने हात धुवा म्हणून मी दिवसातून पन्नास जणांना सांगते. कुठल्या साबणाने, हे कुणाला विचारलंच नाही कधी! बरं झालं सांगितलंत." मग त्यांचा आवाज गंभीर झाला. "साध्या साबणाने हात धुऊन, मी दिलेल्या औषधाने ती लेन्स चोळा. चार-पाचदा चोळा, उतरेल. पण ताई, मेण नुसत्या साबणात नाही. तुम्ही दिवसभर लोकरीत हात घालता ना? ते बंद करावं लागेल. भेटीच्या दिवसापर्यंत तरी."

फोन ठेवून सुनेने शेडकडे बघितलं. तिथे गळ्याएवढे ढीग लागले होते. बारीक लोकर एकीकडे, भरड दुसरीकडे, पोटाखालची तिसरीकडे. सगळ्या शेडमध्ये निवडणारी ती एकटीच होती. सासूने गुडघ्यांमुळे गेल्या वर्षीच निवडायचा पाट सोडला होता.

मुकादम संध्याकाळी आला तेव्हा त्याला हे सांगितलं. कळप कुठल्या शेडवर कातरायला पाठवायचा ते तो ठरवायचा. चांगला माणूस होता, पण जिभेला हाड नव्हतं.

"ऐन कातरणीत निवडणारी घरात बसणार? शाबास! मग मी उरलेला कळप पलीकडच्या शेडवर नेतो. माझी लोकर काय अशीच ढिगात कुजू देऊ?"

"पोरीच्या डोळ्यासाठी आहे, दादा," सून म्हणाली.

"दुसरा डोळा धड आहे ना तिचा? मग? एका डोळ्यासाठी एवढं रामायण!"

शेडमधल्या कात्र्या थांबल्या. नवरा मेंढीवरून उठला. तो तसा कमी बोलणारा माणूस. हातातली कात्री त्याने मुकादमापुढे धरली.

"मुकादम, हिला पाती किती?"

"दोन."

"एक धड आहे. ही घ्या, एका पात्याने मेंढी कातरून दाखवा."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मुकादमाचे कान लाल झाले. तेवढ्यात मागून सासूचा आवाज आला.

"कळप कुठे न्यायचा नाही. पाटावर मी बसते."

"आजी, तुमचे गुडघे?"

"लोकर गुडघ्याने निवडतात होय रे?"

आणि ती बसली. सकाळी बसायची ती उन्हं कलेपर्यंत उठायची नाही. पाय आखडून जायचे, मग नवरा तिला दोन्ही खांद्यांना धरून उभं करायचा. ढिगाकडे ती फारसं बघायचीच नाही. मान वर करून, भलतीकडेच डोळे लावून, बोटांनी लोकर चिमटीत धरायची आणि टाकायची. पहिल्या दिवशी मुकादम मुद्दाम चुका शोधायला उभा राहिला. तासाभर एकही चूक सापडली नाही, तसा निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी सासूच्या पाठीला टेकायला एक जुनी गादी घेऊन आला.

सून लोकरीपासून लांब राहिली. स्वयंपाक, पाणी, गोठा, सगळ्यांचे कपडे तिच्याकडे आले. मेणाची सवय असलेले तिचे हात साध्या साबणाने कोरडे पडले, बोटांना चिरा गेल्या. चिरलेल्या बोटाने लेन्सला ओरखडा पडेल म्हणून ती करंगळीने घालायला शिकली, कारण तेवढी एकच शाबूत होती. कातरणी करून आलेला नवरा आता पोरीला थेट धरायचा नाही, वर उकळून धुतलेली चादर घ्यायचा.

आणि पट्टी. चांगला डोळा झाकला की पोर आकांत करायची. पट्टी ओरबाडून काढायची, तोंडात घालायची, नाकावर चिकटवून घ्यायची. सून पुन्हा लावायची. शेजारच्या बाया कुंपणापाशी थांबून विचारायच्या, "कशाला गं छळतेस? चांगल्या डोळ्याने बघू दे की बिचारीला." सून पोरीला कडेवर घेऊन अंगणात फिरायची, भिंत दाखवायची, झाड दाखवायची, स्वतःचं तोंड दाखवायची. पोर डाव्या डोळ्याने कुठेतरी बघायची. कशाकडे, ते समजत नव्हतं. लेन्स मात्र रोज संध्याकाळी डोळ्यातून निघाली की पाण्यासारखी स्वच्छ असायची.

शेवटची मेंढी कातरून झाली आणि दुसऱ्या दिवशी शहराची भेट होती. सासू म्हणाली, "मी येणार."

"एवढ्या लांब? गुडघे?"

"मेण माझं होतं. निकाल मी ऐकणार."

इस्पितळात बाईंनी पोरीच्या डोळ्यावर दिवा धरला आणि मान हलवली. "लख्ख! एक ठिपका नाही. डोळ्यातून काही पाझरत नव्हतं तर." सुनेने श्वास सोडला. "पण अर्धंच काम झालं, ताई. काच स्वच्छ आहे. तिच्यातून बघायला ही शिकली का, ते आता बघायचं."

त्यांनी पोरीच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी लावली आणि करड्या पाट्यांचा एक गठ्ठा काढला. प्रत्येक पाटीची एक बाजू कोरी, दुसऱ्या बाजूला काळ्या-पांढऱ्या रेघा. ज्या मुलाला दिसतं ते कोरी बाजू सोडून रेघांकडे बघतं, असं त्यांनी सांगितलं. पोर सुनेच्या मांडीवर होती. तिने पाटीकडे बघितलं नाही. पंख्याकडे बघितलं, मग जांभई दिली, मग मूठ चोखत बसली. दुसरी पाटी आली. पोरीने मान फिरवून आईच्या कुशीत नाक खुपसलं.

"वाटेत झोपली नाही ती," नवरा म्हणाला.

"असेल." बाईंनी पाट्या खाली ठेवल्या. त्या पुढचं नीट शब्द जुळवून बोलल्या. "आज यावरून काही सांगता येत नाही. डॉक्टर विचारतील, तर मला होही म्हणता येणार नाही आणि नाहीही. त्यांनी थांबायचं म्हटलं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "लेन्स काढून घेते. तिच्याखालचा डोळा तपासायचाय."

सुनेने पोरीला उताणं धरलं. तिच्या हाताच्या चिरा झोंबत होत्या. बाईंनी हात धुतले, पुसले, आणि बोट पोरीच्या उघड्या डोळ्याकडे नेलं.

बोट अजून वीतभर लांब होतं. पोरीने डोळा घट्ट मिटून घेतला.

"झोप आलीय," सासू म्हणाली.

बाईंनी बोट मागे घेतलं. डोळा उघडला. बोट पुढे नेलं. डोळा मिटला. बाई थबकल्या. या वेळी त्या बाजूने आल्या, काही आवाज न करता. डोळा मिटला, आणि वर पोरीचं कपाळ रागाने आक्रसलं.

"ताई, घरी काढताना ही असं करते?"

"घरी ती झोपल्यावरच काढते मी."

"हाताचा वारा लागत असेल," बाई स्वतःशीच पुटपुटल्या. टेबलावरची एक सपाट काच त्यांनी पोरीच्या तोंडापुढे आडवी धरली आणि तिच्यामागून बोट आणलं. आता वारा लागायचा प्रश्न नव्हता. खोलीत कोणी हललं नाही.

पोरीने डोळा गच्च मिटला.

"अहो डॉक्टर!" बाई दाराकडे बघून ओरडल्या. "डॉक्टर, इकडे या लवकर!"

डॉक्टर आले. त्यांनी काचेमागून बोट नेऊन पाहिलं, मग पेन, मग स्वतःचा चष्मा. पोर प्रत्येक वेळी डोळा मिटत होती. शेवटी ती इतकी चिडली की तिने हात उगारून काचेवर थापच मारली.

"दिसतंय हिला," डॉक्टर म्हणाले. "येताना दिसतंय, म्हणून मिटतेय."

नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि खिशात काहीतरी शोधत राहिला.

सुनेने पोरीला पाजलं, थोडं जोजवलं, मग बाईंनी पुन्हा पाट्या काढल्या. आता पोर सावध झाली होती. जाड रेघांची पाटी आली, तिची नजर रेघांवर गेली. बाजू उलटी केली, नजर उलटी गेली. मग बारीक रेघा, मग त्याहून बारीक. बाई एकेक पाटी बदलत होत्या आणि त्यांचा चेहरा खुलत चालला होता.

"ही बघा, हीसुद्धा! उजवीकडच्या रेघा, बरोबर!"

"कुठल्या रेघा?" सासू म्हणाली. "ही पाटी तर कोरी आहे."

सगळ्यांनी वळून सासूकडे बघितलं.

"आजी, तुम्हाला या रेघा दिसत नाहीत?"

"या कुठल्या? मघापासून तुम्ही कोऱ्याच पाट्या दाखवताय. मी म्हटलं, शहरातली रीत असेल."

नवऱ्याने आईकडे बघितलं. "मग एवढी लोकर निवडलीस ती?"

"बोटांनी. मला कुठे कोणी विचारलं दिसतं का म्हणून?"

डॉक्टर हसायला लागले. बाईंनी पाट्यांचा गठ्ठा छातीशी धरला. त्यांनाही हसू आवरेना. "आजी, समोरच्या खुर्चीत बसा. नात पास झाली, आता तुमचा नंबर."

"मी काय तान्ही आहे?" सासू म्हणाली, पण जाऊन बसली.

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. वयाचे, साधे, काढता येण्यासारखे. डॉक्टरांनी महिन्याभराने यायला सांगितलं. पोरीची लेन्स चालू राहणार होती, पट्टी चालू राहणार होती, सगळं होतं तसंच.

राहिलं एवढंच की लेन्सखालचा डोळा तपासायचा होता, आणि लेन्स अजून आतच होती.

"तुम्हीच काढा," बाई सुनेला म्हणाल्या. "तुमची सवय आहे."

सुनेने करंगळी पुढे केली. पोरीने ती येताना बघितली. डोळा मिटला, मान फिरवली, दोन्ही मुठी उगारल्या. नवऱ्याने डोकं धरलं. सासूने पाय धरले. बाईंनी दिवा धरला. डॉक्टर एका बाजूने खुळखुळा वाजवत होते, त्याचा काही उपयोग नव्हता. करंगळी जवळ आली की पापणी कुलपासारखी बंद. जिच्या डोळ्यातून लेन्स रोज पत्ता न लागता निघायची, ती पोर आता पाच मोठ्या माणसांना दाद देत नव्हती. तिच्या ओरडण्याने बाहेरच्या बाकावरची माणसं दारात येऊन उभी राहिली.

सुनेला हसू फुटलं. ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तिने करंगळी मागे घेतली.

"राहू द्या," ती म्हणाली. "डोळा पुढच्या खेपेला तपासा. संध्याकाळी झोपली की काढेन मी." तिने पोरीला उचलून खांद्याशी उभं धरलं, तोंड दाराकडे करून. "आता जाताना बघू दे तिला रस्ता."